विचारणाऱ्याची बाजू

आप्पांच्या डोळ्यात थेंब घालायचे म्हणून मी त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसले, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा पाट त्यांच्या बाजूनं पाहिला. झालं ते एवढंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांची देखभाल करायला बँकेतून रजा काढलेली, एरवी या वेळी मी काउंटरवर असते. दुर्गाघाटावरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुपारी कोण येतं, काय विचारतं, आप्पा काय सांगतात, हे मला कधी दिसलेलंच नव्हतं. त्या दिवशी मंगलागौरीजवळच्या मधुवंतीबाई आल्या होत्या, मुलीच्या लग्नाचं विचारायला. बाई मोठ्या हुशार. आल्या आल्या आप्पांच्या डोळ्याची चौकशी, मग माझ्या रजेची, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे एक नजर. ती नजर मला आता पाठ झाली आहे, घाटावरच्या सगळ्या मराठी बायका ती एकाच दुकानातून आणतात. मग म्हणाल्या, "काका, रिश्ता चांगला आहे हो, पण मुलाकडचे जवाबच देत नाहीत. एकदा बघून टाका ना." आप्पांनी वाळूचा पाट पुढे ओढला. मी थेंबांची बाटली हातात धरून बसून राहिले, कारण वाळू पुढे आली की आप्पा नजर पाटावरून हलवत नाहीत आणि थेंबांसाठी मान मागे टेकत नाहीत.

रमल म्हणजे काय ते मला या घरात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. साताऱ्याकडे कुंडली बघतात, फार तर कौल लावतात. इथं, काशीत, वेदपाठ्यांच्या गल्लीत, या एका घरात ही अरबी नावांची विद्या कशी शिरली याची गोष्ट आप्पा रंगवून सांगतात. त्यांच्या आजोबांनी कुणा फारसी जाणणाऱ्या मुन्शीला संस्कृत शिकवलं, आणि मुन्शीनं परतफेड म्हणून हे दिलं. म्हणून पाट देवघराच्या शेजारी ठेवायचा, देवघरात नाही. विचारणारा समोर बसतो. मनात प्रश्न धरून बोटानं वाळूत टिंबांच्या चार ओळी काढतो, न मोजता. पहिली ओळ स्वतःपासून लांबची, शेवटची जवळची. मग आप्पा एकेका ओळीतली टिंबं दोन-दोन करून पुसत जातात. शेवटी उरतं एक किंवा दोन. चार ओळींची चार उरलेली, एकाखाली एक, ही झाली आकृती. अशा सोळा आकृत्या होतात, सोळा नावं, आणि आप्पांच्या मते सोळा स्वभाव. मोठ्या कामाला ते पंधरा-सोळा घरांचं सगळं चक्र मांडतात. घरगुती प्रश्नाला एकच आकृती पुरते. एक टिंब म्हणजे डोकं, असं मला त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. डोकं वर आणि खाली तीन जोड्या, खांदे, कंबर, पाय, तर तो माणूस उभा आहे. ही लह्यान. आनंदाची. माणूस घरात उभा आहे, उंबऱ्यात उभा आहे, येतोय. आणि तीन जोड्या वर आणि डोकं सगळ्यात खाली असेल तर ती अंकीस. उलटा माणूस. घाटावरून पोरं सूर मारतात ना, तसे पाय वर आणि डोकं पाण्याकडे, असं म्हणून आप्पांनी हाताचा पंजा उलटा करून दाखवला होता, आणि मुकुल, माझा नवरा, शेजारी बसून हसला होता.

मधुवंतीबाईंची टिंबं पुसून झाली. माझ्या बाजूनं, म्हणजे आप्पांच्या बाजूनं, मला स्पष्ट दिसलं. वर एक, खाली तीन जोड्या. उभा माणूस. मला त्या बाईंसाठी खरंच बरं वाटलं. थेंबांची बाटली उघडावी म्हणून मी झाकण फिरवलंसुद्धा. आप्पा हळूच म्हणाले, "अंकीस आहे, मधुवंती. या घरी नको. जवाब येणार नाही, आला तरी तू घेऊ नकोस." बाईंनी पदर तोंडाला लावला. पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी आकृतीकडे बघत होते. गेली अकरा वर्षं दर भाद्रपद वद्य पंचमीला मी त्या पाटाच्या पलीकडे बसून टिंबं काढली आहेत. पलीकडून मला जे दिसायचं ते तीन जोड्या वर आणि एक टिंब माझ्या मांडीशी, खाली. आणि आप्पा म्हणायचे, लह्यान. मी कधी विचारलं नाही. वाचणाऱ्याच्या बाजूनं वाचत असतील, असं धरून चालले. काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरच्यानं असले प्रश्न विचारायचे नसतात, हे माझ्याइतकं कुणाला कळणार.

बाई गेल्यावर मी थेंब घातले. एक गालावर ओघळला, तो पुसला. स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर दूध ठेवलं आणि उभ्या उभ्या ताळा जमवत राहिले. दिवसअखेर रोकड जुळत नसली की आधी आजच्या नोंदी बघायच्या, मग मागच्या, हा माझा वीस वर्षांचा सराव. आज चूक झाली असेल. ऑपरेशनचा डोळा आहे, दुसऱ्यानं तर कधीचंच धूसर दिसतं. पण आप्पा डोळ्यानं मोजतच नाहीत, बोटानं मोजतात. त्यांच्या बोटाला मी कधी चुकताना पाहिलेलं नाही. मग चूक आजची नाही. दूध वर आलं तेव्हा मी झाकण शोधत होते आणि हाताला नेहमीप्रमाणे तेच आलं, मुकुलच्या डब्याचं. ते कशालाच नीट बसत नाही. बारा वर्षांपूर्वी, पंचमीच्या त्या रविवारी सकाळी तो स्टीलचा डबा घेऊन कचौड्या आणायला गेला, तो गेलाच. डबा नेला, झाकण ओट्यावर राहिलं. फोन चार्जिंगला लावलेला. मी वरून ओरडले की झाकण राहिलं, त्यानं गल्लीतून मान वर करून हात हलवला, म्हणजे राहू दे. की म्हणजे आलोच. की म्हणजे आणखी काही. त्या हाताचा अर्थ लावायला सोळा आकृत्या पुरल्या नसत्या. सासूबाई पुढे दोन वर्षं जगल्या, आणि झाकण रोज घासून पालथं घालून ठेवायच्या. आल्यावर डबा उघडा राहील, म्हणायच्या. त्या गेल्यावर मी झाकण वापरायला काढलं. वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही, माणसं चालतात.

माझ्या नवऱ्याबद्दल मी काही वाईट सांगणार नाही, आणि चांगलं सांगायला जावं तर तपशील कमी पडतो. तो एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा, हळू बोलायचा, माझ्या मराठीला हसायचा आणि त्याच्या हिंदीमिश्रित मराठीला मी. 'मी तर केव्हाचा वाट बघून ऱ्हायलोय' हे तो असं म्हणायचा की राग यायच्या आधी हसू यायचं. लग्न होऊन चारच वर्षं झाली होती. भांडण नव्हतं, हे मी पोलिसांना सांगितलं, आप्पांना सांगितलं, साताऱ्याला फोनवर आईला सांगितलं. इतक्या लोकांना सांगितल्यावर मलाच वाटायला लागलं की भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान एक बाजू तरी हातात असती. नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. मी हयात आहे, असं प्रत्येकाला माझ्यासमोर सिद्ध करायचं असतं. कुणी थरथरत अंगठा टेकवतो, कुणी म्हणतो बेटी, गेल्या सालीही जिंदाच होतो. मी हसून शिक्का मारते. एका वर्षी एक म्हातारे अंगठा यंत्रावर ठेवून दहा वेळा दाबत राहिले आणि यंत्र त्यांना ओळखेचना. ते घाबरून माझ्याकडे असे बघायला लागले की जणू त्यांचं काय झालंय हे मला आधी कळलं आहे. कायद्याला माणूस मेला असं मानायला सात वर्षं पुरतात. शास्त्राला बारा लागतात. शास्त्र नेहमी जास्त कागद मागतं.

बारा वर्षं या पंचमीला पुरी होत होती. बाळूगुरुजी, म्हणजे संकठाघाटाकडचे आमचे उपाध्ये, महिनाभर आधीपासून आडून आडून सुचवत होते. मुकुलच्याच वर्गातले, त्यांच्या बोलण्यात अजून 'मुकल्या' येतो आणि मग ते जीभ चावून 'ते' म्हणतात. बारा वर्षं पत्ता नसला की पळसाच्या देठांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं, दर्भानं बांधायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग सुतक, मग दहावा, तेरावा, सगळं रीतसर. त्यानंतर तो पितरांत. पितृपक्षातच करून टाकलं तर पुढच्या वर्षीच्या सर्वपित्रीला त्याच्या नावानं पान वाढता येईल, असं गुरुजींचं गणित. माणूस सरळ आहे, कामाला चोख, फक्त दुःखाच्या घरात आला की आवाज खाली आणतो आणि पाय मात्र नेहमीसारखेच आपटतो. ते मला जिन्यात म्हणाले, "वहिनी, तुम्हीच काकांना मनवा. तो भटकत असला तर त्यालाही तकलीफ, तुम्हालाही." आणि आप्पांचं उत्तर एकच. लह्यान येतेय तोवर करायचं नाही. उभ्या माणसाला जाळत नाहीत. ज्या दिवशी पाटावर उलटा येईल, त्या दिवशी मीच पळस आणीन. हे ते इतक्या शांतपणे म्हणायचे की वाद घालणाऱ्याला लाज वाटावी. सगळं माझ्या बोटावर ठेवलेलं. दर वर्षी मीच टिंबं काढायची, मीच त्याला उभं करायचं, आणि पुढच्या पंचमीपर्यंत मी सधवा.

प्रत्येक वर्षी लह्यानच यायची असं नाही. कधी दाखिल यायची, कधी नुस्रत. आप्पा सांगायचे दाखिल म्हणजे आत येणारं, हातात पडणारं. दूध गार होईपर्यंत मी एकेक वर्ष आठवून ओट्यावर पिठात बोटानं काढून बघितलं, मला दिसायचं तसं, माझ्या बाजूनं. दाखिल उलटी केली की खारिज होते. हातातून जाणारं. शुभ नुस्रत उलटी केली की दुसरी नुस्रत होते, ती टिकत नाही. म्हणजे माझ्या बाजूला दर वर्षी एक माणूस जात होता आणि त्यांच्या बाजूला तोच येत होता, वाळू तीच. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी हातानं पीठ सारखं केलं आणि शेवटची आकृती परत एकदा काढून बघितली. गंगा त्या आठवड्यात चढलेली होती. खालचे घाट बुडालेले, घाटियांच्या, म्हणजे घाटावर बसणाऱ्या पंड्यांच्या, छत्र्या आणि लाकडी चौक्या वर गल्लीच्या तोंडाशी येऊन बसलेल्या, आणि घरात सगळीकडे गाळाचा वास. सासूबाई म्हणायच्या, या दिवसांत नदी घरची कामं बघायला वर येते.

दुसऱ्या दिवशी थेंबांच्या वेळी मी विचारलं. आवाज साधा ठेवला, जणू काउंटरवर कुणाला जन्मतारीख विचारावी. आप्पा पडूनच होते, डोळ्यावर प्लास्टिकची जाळी. म्हटलं, आप्पा, आकृती कुणाच्या बाजूनं वाचायची असते? आणि ते मास्तरच झाले. शिकवायला मिळालं की त्यांचं वय उतरतं. विचारणाऱ्याच्या बाजूनं, म्हणाले. आकृती त्याची. आपल्याला उलटी दिसते, उलटी वाचायला शिकायचं, यातच अर्धं रमल आलं. आजोबांनी तर त्यांना वर्षभर पुस्तक उलटं धरून वाचायला लावलं होतं. अजून एक नियम, स्वतःचं स्वतः कधी वाचायचं नाही, मनाला हवं ते बोट काढतं. एवढं सांगून झालं आणि ते थांबले. जाळीखालचा डोळा मला दिसत नव्हता. दुसरा, धूसर, छताकडे लागलेला होता. खाली गल्लीत कुणीतरी सायकल ओढत नेत होतं, तिचा आवाज पार वळणापर्यंत जाऊ दिला त्यांनी.

"तू त्या दिवशी माझ्याकडे बसली होतीस," ते म्हणाले. "मधुवंतीच्या वेळी."

"हो."

"हूं." मग, "मी खोटं नाही वाचलं, संपदा. बोट तुझं होतं. प्रश्न माझा होता. विचारणारा मीच होतो की गं. मी माझ्याच बाजूनं वाचलं."

"आणि माझा प्रश्न?"

"तू कधी विचारलास?"

एवढंच बोलणं. मी बाटलीचं झाकण लावलं, कापूस उचलला, पाणी दिलं. माणूस हिशेबात इतका चोख असावा की त्याच्याविरुद्ध नोंद करायला जागाच मिळू नये, याचं मला त्याही क्षणी कौतुक वाटलं. आणि ते कौतुकच मग दिवसभर छातीत खुपत राहिलं. कारण ते खरं होतं. मी कधी विचारलं नव्हतं. दर पंचमीला बोट वाळूत जायचं तेव्हा माझ्या मनात काय असायचं? कचेरीतली राहिलेली कामं. आईचा गुडघा. कधी नुसताच वाळूचा गारवा. तो जिवंत आहे का, हा प्रश्न मी मनात धरायची नाही, कारण त्याच्यामागे लगेच दुसरा उभा असायचा, असला तर मग काय. आणि त्याच्या पाठीमागचा तिसरा मला दिसू नये म्हणून मी नजर खाली ठेवायची. खरा प्रश्न मी एकदाच विचारला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी, गमतीत. मुकुलनं मला दंड धरून पाटासमोर बसवलं, आप्पा, हिचं बघा, हिला बदली हवीय का ते बघा, असं काहीतरी म्हणत. मी मनात धरलं, हा माणूस माझा आहे का. टिंबं काढली. उकला आली. वर एक, मध्ये दोन जोड्या, खाली एक. दोन्ही टोकांना डोकं. मुकुल हसून लोटपोट, सूनबाई तर बंद झाल्या म्हणे, जमानत कोण देणार. आप्पांनी त्याला दटावलं. उकला म्हणजे बांधलेलं, ते म्हणाले. विहीर, गाठ, बंद खोली. कुठल्याही बाजूनं बघा, तशीच. आणि उकला आली की या घरात तो प्रश्न परत विचारायचा नसतो, दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. काय विचारलंस ते सांगू नकोस, फक्त तो आता संपला समज. मी समजले. नवीन नवरीला समजायला काय लागतं. चार वर्षं त्याच्या शेजारी झोपले आणि तो प्रश्न परत विचारला नाही; आणि मग विचारायला माणूसच राहिला नाही.

पंचमीच्या दिवशी दुपारी आप्पा आपणहून उठले. भिंत धरत धरत पुढच्या खोलीत आले, आणि आपल्या जागेवर न बसता पाटाला वळसा घालून विचारणाऱ्याच्या जागेवर बसले. गुडघे वाजले. म्हणाले, आज तू तिकडे बस. इतकी वर्षं तुझं बोट उसनं घेतलं. आता मी विचारतो, तू वाच. येतं तुला. मी बसले. त्यांची जागा खोलगट झालेली आहे, आसनाखालची फरशीसुद्धा. तिथं बसलं की आपोआप थोडं पुढे झुकायला होतं, समोरच्याची फार काळजी असल्यासारखं. मी मुकुलच्या डब्याच्या झाकणाच्या कडेनं वाळू सारखी केली, हाताशी तेच होतं. आणि मी ठरवलेलं होतं. लपवण्यात अर्थ नाही, काही येवो, मी अंकीस वाचणार होते. आता काउंटरच्या आत मी होते. त्यांना आपल्या बाजूनं वाचता येतं, तर मलाही येतं. उलटा माणूस म्हणायचं, पळस येईल, नारळ येईल, सगळं भुरुभुरु जळेल, आणि तेराव्या दिवसानंतर सकाळ होईल, नुसती सकाळ, कुणाच्याही येण्याची नसलेली. त्या सकाळसाठी मी काय काय खर्ची घालायला तयार होते! मुकुलला तर मी घातलंच होतं. समोर त्याचे वडील डोळ्यावर जाळी लावून, शर्टाच्या बाह्या दुमडून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे बसले होते, आणि त्यांचा जबडा नेमका मुकुलसारखा होता हे मला त्या बाजूनं पहिल्यांदाच दिसलं.

त्यांनी टिंबं काढली. सावकाश, चार ओळी. हात मागे घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला. मी पुसायला सुरुवात केली, माझ्या जवळच्या ओळीपासून, त्यांची पहिली. दोन, दोन, दोन. उरलं एक. त्यांच्या बाजूनं डोकं वर. दुसऱ्या ओळीत उरले दोन, खांदे. तिसरीत दोन, कंबर. चौथी त्यांच्या मांडीशी होती. मला वाकावं लागलं. आता तिथं जोडी उरली की तो त्यांच्यासाठी उभा आणि माझ्यासाठी उलटा, दोघांचंही भागलं, कुणाला खोटं बोलायला नको. दोन-दोन पुसत असताना माझं बोट हळू हळू होत गेलं. आणि मला कळलं की मी जोडी मागतेय, पण माझ्यासाठी नाही. मला तो उभा हवा होता. गल्लीत मान वर करून, हातात डबा. बारा वर्षांत मला असं काही हवं झालं नव्हतं, नेमकं आत्ता, त्याला जाळायला बसल्यावर, हवं झालं. शेवटी टिंब उरलं ते एकटंच. आजूबाजूची वाळू मी उगीचच बोटानं चाचपली.

"वाच," आप्पा म्हणाले.

माझ्या तोंडून निघालं, "खाली एक आहे."

ते खोटं नव्हतं.

"हूं. आणि वर?"

खोलीत गाळाचा वास होता आणि दूर कुठंतरी घंटा, पाणी वर आल्यावर देवळं जरा जवळ ऐकू येतात. ते हसल्यासारखं काहीतरी म्हणाले, "वरही एकच असेल. विसरायचं म्हटलं तरी बोट मोजतंच गं. मोजत नाही असं आम्ही सगळे म्हणतो." मग त्यांनी हात पुढे केला, चाचपत, आणि त्या खालच्या टिंबाच्या अगदी अलीकडे आणून धरला, टेकवला नाही. "कुठूनही बघ," म्हणाले, "आता तुझी बाजू नाही, माझी नाही." त्या गाठीचं नाव दोघांनीही घेतलं नाही. उभ्याला जाळत नाहीत, उलट्याला जाळतात. हा दोन्हीही होता, आणि विचारणं संपलं होतं. पुढच्या पंचमीला पाट निघणार नव्हता. लह्यान येणार नव्हती, अंकीसही. मी सधवा राहणार होते की आणखी काही, ते सांगणारं आता या घरात कुणी उरलं नव्हतं. मला वाटलं ते रडतील, आणि मग वाटलं की मी रडले तर ते ऐकतील. दोघंही वाट बघत बसलो. कुणीच सुरुवात केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बाळूगुरुजी. मागे माणसांचा आवाज, घाटांच्या जागा बुडाल्यामुळे सगळ्यांचे विधी एकाच चबुतऱ्यावर चालले होते. गुरुजी घाईत होते, तरी आवाज खाली आणलेला. म्हणाले, वहिनी, माणूस चाललाय पळस आणायला, आपले पण देठ सांगून टाकू का? मग काय ठरलं तेवढं सांगा.

समोर आप्पांनी मान माझ्याकडे केली होती. जाळीतून काही दिसत नव्हतं, पण ते ऐकत होते. बँकेत ज्याचं काम होणार नाही त्याला आम्ही जे सांगतो तेच मी गुरुजींना सांगितलं.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

फोन ठेवला. आप्पांनी जाळी बाजूला केली, मान मागे टेकली आणि डोळा उघडा धरला. थेंबांची वेळ झाली होती. मी उठून पाटाला वळसा घालून त्यांच्या बाजूला जाऊन बसले, आणि तिथूनही ती आकृती तशीच दिसत होती.